दोन मिनिटांच्या विमानप्रवासाची आखणी : वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे

स्कॉटलंडच्या उत्तर किनाऱ्यापलीकडे ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांदरम्यान लोगानएअर या कंपनीचे छोटे विमान १९६७ पासून नियमितपणे ये-जा करत आले आहे. दोन धावपट्ट्यांमधील अंतर सुमारे २.७ किलोमीटर आहे. वेळापत्रकात या प्रवासासाठी दोन मिनिटे धरलेली असतात. वारा अनुकूल असेल तर विमान दीड मिनिटात आणि क्वचित त्याहूनही लवकर पोहोचते. जगातील सर्वांत कमी वेळाचे नियमित प्रवासी उड्डाण म्हणून गिनेसच्या विक्रमांत त्याची नोंद आहे. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. तिच्या एका टोकाहून विमान उडाले आणि दुसरे टोक यायच्या आतच उतरले, तर जेवढे अंतर कापले जाईल तेवढाच हा प्रवास आहे.

विमानांची आवड असलेले लोक जगभरातून या दोन मिनिटांसाठी ऑर्कनीला जातात आणि त्यांत आपल्याकडचेही असतात. मात्र बहुतेक जण आखणी उलट्या बाजूने करतात. आधी मुंबई–लंडन तिकीट, मग लंडनमधील मुक्काम, मग स्कॉटलंड, आणि उरलेल्या एखाद्या दिवसात हे उड्डाण, असा त्यांचा क्रम असतो. या क्रमाने गेल्यास उड्डाण हुकण्याची शक्यता बरीच असते, कारण साखळीतील सर्वांत नाजूक कडी शेवटी येते. आठ आसनांचे विमान, आठवड्याच्या वारानुसार बदलणारा मार्ग आणि उत्तर अटलांटिकचे हवामान या तीन गोष्टी प्रवाशाच्या सोयीने वाकत नाहीत. म्हणून आधी या उड्डाणाची तारीख पक्की करावी आणि तिथून मागे मागे येत मुंबईपर्यंत पोहोचावे, अशी माझी स्पष्ट शिफारस आहे. पुढील सर्व पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

हे विमान कोणासाठी उडते

आखणी करण्यापूर्वी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. ही पर्यटकांसाठी काढलेली फेरी नाही. ऑर्कनीचे मुख्य गाव कर्कवॉल आहे. तिथून वेस्ट्रे, पापा वेस्ट्रे, नॉर्थ रोनाल्डसे, सँडे, स्ट्रॉन्से आणि ईडे या बाहेरच्या बेटांना जोडणारी ही सेवा ऑर्कनी बेटांची परिषद, म्हणजे तेथील स्थानिक स्वराज्य संस्था, सार्वजनिक सेवेच्या कंत्राटाखाली चालवून घेते आणि तिच्या खर्चातील तूट सरकारी पैशातून भरून निघते. पापा वेस्ट्रेची लोकसंख्या शंभराच्या आत आहे, तर वेस्ट्रेवर सहाशेच्या आसपास लोक राहतात. या विमानातून फिरते शिक्षक जातात, डॉक्टर आणि परिचारिका जातात, तपासणीसाठी कर्कवॉलच्या रुग्णालयात निघालेले रुग्ण जातात, टपाल जाते. अनेक वर्षे बँकेचे कर्मचारीसुद्धा पैशांची पेटी घेऊन याच विमानाने बेटाबेटांवर जात असत. बेटांवरील मुले वरच्या इयत्तांसाठी कर्कवॉलच्या शाळेत जातात आणि आठवडाभर तिथल्या वसतिगृहात राहतात; त्यांच्या सुट्टीच्या दिवसांत आसने लवकर भरतात.

विमानाची निवडही या गरजेतूनच झालेली आहे. ब्रिटन-नॉर्मन कंपनीचे आयलँडर हे विमान इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर तयार झाले आणि त्याचे पहिले उड्डाण जून १९६५ मध्ये झाले. पंख वरच्या बाजूला, दोन पिस्टन इंजिने, आत न दुमडणारी चाके आणि आखूड, खडबडीत पट्टीवरून उडण्याची क्षमता ही त्याची वैशिष्ट्ये आहेत. चाके दुमडण्याची यंत्रणाच नसल्यामुळे त्या यंत्रणेत बिघाड होण्याचा प्रश्न येत नाही. दिवसभरात इतक्या वेळा उतरणाऱ्या विमानाच्या बाबतीत ही मोठी सोय ठरते. मोठ्या जेट विमानाची झीज मुख्यतः उड्डाणाच्या तासांत मोजली जाते, असे आपण सहज धरून चालतो. परंतु दोन मिनिटांच्या फेऱ्या करणाऱ्या विमानाला तासांपेक्षा उतरण्याची संख्या आणि इंजिन सुरू-बंद करण्याची संख्या जास्त छळते.

वेळापत्रक वाचण्याची रीत

सर्वाधिक गोंधळ याच ठिकाणी होतो, म्हणून येथे जरा सविस्तर लिहितो. कर्कवॉलहून निघणारे विमान प्रत्येक फेरीत एकाच मार्गाने जात नाही. काही फेऱ्या कर्कवॉलहून थेट पापा वेस्ट्रेला जातात आणि थेट परत येतात. काही आधी वेस्ट्रेला उतरून मग पापा वेस्ट्रेला जातात. काही याच्या उलट क्रमाने, म्हणजे पापा वेस्ट्रेहून वेस्ट्रे करून कर्कवॉलला परततात. ‘कर्कवॉल ते पापा वेस्ट्रे’ असे तिकीट काढले म्हणजे विक्रमी टप्पा आपोआप पदरात पडला, असे नाही. थेट फेरी मिळाली तर पंधरा-वीस मिनिटांचा एक सुंदर प्रवास होईल, पण ज्यासाठी एवढा आटापिटा केला ती दोन मिनिटे मिळणार नाहीत.

त्यामुळे वेळापत्रक उघडल्यावर गावांची नावे न पाहता विमानाचा क्रम पाहावा. ज्या फेरीत वेस्ट्रेहून सुटण्याची आणि पापा वेस्ट्रेला पोहोचण्याची वेळ एकमेकींना चिकटून दिलेली आहे, किंवा उलट दिशेने तसे आहे, ती फेरी आपल्या कामाची. शनिवार आणि रविवारचे वेळापत्रक विशेष काळजीने वाचावे, कारण आठवड्याच्या अखेरीस हा टप्पा दोन्ही दिशांनी उपलब्ध असेलच असे नाही; एका दिवशी एकाच दिशेने, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिशेने अशी मांडणी तिथे जुनी आहे. शिवाय उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रके वेगवेगळी असतात. मागच्या वर्षी कोणी तरी लिहून ठेवलेल्या वेळांवर विसंबून राहू नये. कंपनीचे चालू हंगामाचे पत्रकच प्रमाण मानावे.

हा टप्पा गाठण्याचे व्यवहारात दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग असा की, कर्कवॉलहून वेस्ट्रेमार्गे जाणाऱ्या विमानात बसावे. वेस्ट्रेला काही प्रवासी उतरतील, काही चढतील आणि आपण त्याच आसनावर बसून पुढच्या बेटावर जाऊ. हा मार्ग सोपा आहे, वेळ वाचवणारा आहे आणि ज्यांच्या हाती एकच दिवस आहे त्यांनी तोच धरावा. दुसरा मार्ग असा की, कर्कवॉलहून मोटारवाहू फेरीबोटीने वेस्ट्रेच्या दक्षिण टोकावरील रॅपनेस धक्क्यावर जावे, त्याला साधारण दीड तास लागतो. बेटावर एक रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी वेस्ट्रेच्या विमानतळावरून फक्त तेवढ्या एका टप्प्याचे तिकीट घेऊन निघावे. मला दुसरा मार्ग अधिक पसंत आहे. समुद्रमार्गाने आल्यामुळे या बेटांमधली अंतरे म्हणजे काय हे आधी अंगावर आलेले असते, आणि मग तीच सामुद्रधुनी हवेतून ओलांडण्याला अर्थ येतो. रॅपनेस धक्का मात्र पिएरोवॉल या गावापासून लांब आहे आणि विमानतळ तर त्याच्याही उत्तरेला आहे, त्यामुळे बोटीला जोडून सुटणाऱ्या बसची किंवा मुक्कामाच्या घरमालकाने न्यायला येण्याची व्यवस्था आधीच करून ठेवावी.

तिकीट काढताना

आंतरबेट उड्डाणांचे आरक्षण लोगानएअरकडेच करावे. मोठमोठ्या प्रवास-संकेतस्थळांवर शोधत बसण्यात वेळ जातो आणि तिथे टप्प्यांचा क्रम कळत नाही. कंपनीच्या कर्कवॉलमधील आरक्षण कक्षाशी दूरध्वनीने किंवा ईमेलने संपर्क साधता येतो आणि माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच मार्ग धरावा. ‘मला वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांमधील टप्पा करायचा आहे, अमुक तारखेला कोणती फेरी त्या क्रमाने जाते?’ असा सरळ प्रश्न विचारावा. तेथील कर्मचाऱ्यांना हा प्रश्न नवा नसतो.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली गोष्ट भाड्याची आहे. पापा वेस्ट्रेवर रात्रीचा मुक्काम करणाऱ्या प्रवाशांना सवलतीचे परतीचे भाडे देण्याची पद्धत या सेवेत राहिलेली आहे. आपण जाल त्या हंगामात ती लागू आहे का आणि तिच्या अटी काय आहेत हे विचारावे. दुसरी गोष्ट प्रमाणपत्राची. हा टप्पा केलेल्या प्रवाशांना तसे प्रमाणपत्र देण्याची प्रथा आहे. ते कुठे मिळते हे आधी ठाऊक असलेले बरे, नाही तर उतरल्यावर ओळखीपाळखी, सामान आणि वारा यांच्या गडबडीत ते राहून जाते.

भाडे मुंबई–लंडन तिकिटाच्या तुलनेत किरकोळ असते. म्हणूनच मी म्हणतो की व्हिसा हातात येण्यापूर्वीही हे आसन राखून ठेवायला हरकत नाही. तारीख बदलण्याच्या आणि पैसे परत मिळण्याच्या अटी वाचून मग तो निर्णय घ्यावा. महागडे आणि रद्द न होणारे आंतरराष्ट्रीय तिकीट मात्र व्हिसाआधी काढू नये.

कोणता महिना

जूनमध्ये कर्कवॉलला पहाटे चारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि रात्री साडेदहाच्या सुमारास मावळतो. डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. मे ते ऑगस्ट हा काळ सोयीचा आहे आणि पफिन पक्षी पाहायचे असतील तर मे ते जुलै. उन्हाळ्यात वाऱ्याचा त्रास कमी असला तरी समुद्रावरून अचानक येणाऱ्या दाट धुक्यामुळे उड्डाणे थांबतात, हे लक्षात ठेवावे. हिवाळ्यात वादळी वारे तेच काम करतात. हिवाळ्यात जाऊच नये असे नाही, पण हाती चार-पाच मोकळे दिवस नसतील तर जाऊ नये.

कर्कवॉलपर्यंत पोहोचणे

भारतीय पासपोर्टधारकांना ब्रिटनचा अभ्यागत व्हिसा लागतो. ऑर्कनीसाठी वेगळा परवाना नाही. ब्रिटनमध्ये एकदा प्रवेश झाला की पुढचा सर्व प्रवास देशांतर्गत असतो. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि बोटांचे ठसे दिल्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात, उन्हाळ्याच्या गर्दीत अधिकही लागू शकतात. ठसे देण्याची केंद्रे मुंबई आणि पुणे येथे आहेत. अर्जासोबतच्या प्रवासआराखड्यात ऑर्कनीचा उल्लेख मोकळेपणाने करावा. आठ आसनी विमानात दोन मिनिटे बसण्यासाठी कोणी एवढ्या लांब का जाईल, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडू नये म्हणून बेटावरील मुक्काम आणि परतीची तारीख स्पष्ट लिहावी.

मुंबईहून लंडनला थेट विमानाने साडेनऊ-दहा तास लागतात. लंडनहून पुढे एडिनबरा, ग्लासगो, ॲबर्डीन किंवा इन्व्हर्नेस यांपैकी एखाद्या शहरात पोहोचावे. या चारही ठिकाणांहून कर्कवॉलला लोगानएअरची विमाने जातात. एडिनबराहून निघाल्यास साधारण तासाभरात कर्कवॉल येते. मात्र लंडनला उतरल्या दिवशीच कर्कवॉल गाठण्याचा हट्ट धरू नये. दोन तिकिटे वेगवेगळ्या कंपन्यांची असतील आणि पहिले विमान उशिरा आले, तर पुढचे तिकीट वाया जाते आणि त्याची भरपाई कोणी देत नाही.

ज्यांना जमिनीने आणि समुद्राने जायचे आहे त्यांच्यासाठी इन्व्हर्नेसहून थर्सोपर्यंतची रेल्वे आहे; तिला जवळजवळ चार तास लागतात. थर्सोजवळच्या स्क्रॅबस्टर बंदरातून ऑर्कनीतील स्ट्रॉमनेसला जाणारी नॉर्थलिंकची बोट दीड तास घेते आणि वाटेत ‘होय’ (Hoy) नावाच्या बेटाचे लाल कडे अगदी जवळून दिसतात. स्वतःची किंवा भाड्याची मोटार असेल तर गिल्स बे येथून ऑर्कनीतील सेंट मार्गरेट्स होपला जाणारी पेंटलँड फेरीजची बोट सोयीची पडते, ती साधारण तासाभराची आहे. पेंटलँडची सामुद्रधुनी तिच्या भरती-ओहोटीच्या प्रवाहांसाठी कुप्रसिद्ध आहे. बोट लागण्याचा त्रास असलेल्यांनी गोळी आधी घ्यावी, समुद्रात शिरल्यावर तिचा उपयोग नाही.

ठरलेल्या उड्डाणाआधी कर्कवॉलमध्ये किमान एक रात्र आणि उड्डाणानंतर किमान दोन मोकळे दिवस ठेवावेत. हे दिवस वाया जात नाहीत. कर्कवॉलमधील सेंट मॅग्नस कॅथेड्रलची उभारणी ११३७ मध्ये सुरू झाली. स्कारा ब्रे ही नवाश्मयुगीन वस्ती, रिंग ऑफ ब्रॉडगर हे उभ्या शिळांचे वर्तुळ आणि मेसहाउ हे थडगे १९९९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हवामानाने दगा दिला तर आपले उड्डाण या मोकळ्या दिवसांत सरकवता येते, आणि न दिला तर पाहण्यासारखे इतके आहे की दिवस अपुरे पडतात.

सामान आणि वजन

आयलँडरमध्ये डोक्यावर सामानाची फळी नाही. सामान मागच्या छोट्या कप्प्यात जाते आणि अनुज्ञेय वजन मोठ्या विमानांच्या मानाने बरेच कमी असते, ते तिकिटावर पाहून घ्यावे. चाकांची कडक सुटकेस कर्कवॉलच्या हॉटेलात ठेवून, दोन दिवसांचे कपडे आणि वाऱ्या-पावसाचे जाकीट एका मऊ पिशवीत घालून निघावे. विमानाचे कमाल उड्डाणवजन तीन टनांच्या आत आहे. एवढ्या हलक्या विमानात प्रवाशांच्या वजनाची वाटणी हा शिष्टाचाराचा नव्हे, तर सुरक्षेचा प्रश्न असतो. कोणी आपले वजन विचारले तर संकोच न करता खरे सांगावे, आणि जाकिटासह सांगावे.

खाण्याच्या पदार्थांबाबत आपल्या वाचकांसाठी एक सूचना. भारतातून ब्रिटनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी आणि तुपातले लाडू घरीच ठेवावेत. चकली, चिवडा, शेंगदाण्याची चटणी असे कोरडे पदार्थ जवळ असले तर शाकाहारी प्रवाशाला बेटावर आधार होतो; तिथल्या छोट्या दुकानात निवड मर्यादित असते.

उड्डाणाचा दिवस

कर्कवॉल विमानतळावर आंतरबेट प्रवाशांनी कंपनीने सांगितलेल्या वेळेत हजर व्हावे आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र जवळ ठेवावे. प्रवाशांना चालत विमानापर्यंत नेले जाते. विमानाला मधली वाट नाही. बाजूच्या दारांतून, मोटारीत शिरावे तसे, थेट आपल्या आसनावर जावे लागते. म्हणूनच कोण कुठे बसणार हे चढण्यापूर्वी ठरते आणि ते वैमानिक ठरवतो. वैमानिक एकटाच असतो, त्याच्या शेजारचे आसन प्रवाशाला मिळू शकते. ते हवे असल्यास चढण्यापूर्वी नम्रपणे एकदा विचारावे; वजनाच्या गणितात बसले तर मिळेल. दुसऱ्यांदा विचारू नये.

पट्टा लावल्यावर वैमानिक मागे मान वळवून सुरक्षेच्या सूचना सांगतो. त्याच्या आणि आपल्या मध्ये दार किंवा पडदा नसतो, त्यामुळे वेगदर्शक, उंचीमापक आणि दोन इंजिनांच्या तरफा मागच्या आसनावरूनही दिसतात. पुढच्या रांगांतील खिडकीतून पाहिले तर फिरता पंखा दंडाच्या रेषेत, काही हातांच्या अंतरावर दिसतो. आवाज भरपूर असतो. कानांना त्रास होणाऱ्यांनी बोळे न्यावेत.

वेस्ट्रेला उतरल्यावर काय घडते याकडे लक्ष द्यावे. एक छोटी इमारत, एक अग्निशमन गाडी आणि काम करणारी दोन-तीन माणसे एवढाच विमानतळ असतो. ही माणसे त्याच बेटावरची असतात. विमान येण्याच्या वेळी ती येथे असतात आणि एरवी शेती किंवा अन्य कामे करतात. सामान काढणे, टपालाची थैली चढवणे, दार नीट लागल्याची खात्री करणे हे सर्व काही मिनिटांत उरकते. वेळ मोजणाऱ्यांनी येथून सावध राहावे. चाके जमीन सोडतात त्या क्षणापासून ती पुन्हा टेकतात त्या क्षणापर्यंतचा वेळ म्हणजे उड्डाणाचा वेळ. इंजिन सुरू होण्यापासून मोजल्यास आकडा बराच फुगतो.

उड्डाण किती सेकंदांचे होईल हे वाऱ्याची दिशा ठरवते. विमान नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उडते आणि तसेच उतरते. वारा अशा दिशेने असेल की वेस्ट्रेहून उडाल्यावर फारसे वळण न घेता समोरच पापा वेस्ट्रेच्या पट्टीवर उतरता यावे, तर मिनिटभरात काम होते. नाही तर वळसा घ्यावा लागतो आणि दोन-अडीच मिनिटे लागतात. या मार्गावर बारा हजारांहून अधिक फेऱ्या केलेले आणि २०१३ मध्ये निवृत्त झालेले कॅप्टन स्टुअर्ट लिंकलेटर यांच्या नावावर ५३ सेकंदांचा विक्रम आहे. अंतर २.७ किलोमीटर धरले तर हा वेग सरासरी ताशी १८० किलोमीटरच्या जरा वर जातो. म्हणजे विमान आपल्या नेहमीच्या प्रवासवेगापर्यंत पोहोचतच नाही. चढणे संपते आणि लगेच उतरणे सुरू होते, मधला सपाट भाग नसतोच. विमान काहीशे फुटांच्या वर जात नाही, त्यामुळे खालच्या सामुद्रधुनीतील उथळ पाण्याचा हिरवा आणि खोल पाण्याचा काळसर रंग, कुरणांच्या दगडी कडा आणि मेंढ्या हे सर्व ओळखता येते.

चित्रीकरण करायचे असल्यास कॅमेरा इंजिन सुरू होण्यापूर्वीच चालू करून एका जागी धरावा. या प्रवासात सेटिंग शोधायला वेळ नसतो. वैमानिकाशेजारी बसलेल्याने पाय आणि हात नियंत्रणांपासून दूर ठेवावेत, पट्ट्याचे टोक किंवा कॅमेऱ्याची दोरी लोंबकळू देऊ नये आणि त्या दोन मिनिटांत वैमानिकाशी बोलू नये. इतर विमानप्रवासांत वैमानिकाला श्वास घेण्याइतका वेळ असतो. याच्यात उडणे आणि उतरणे ही दोन्ही कामे पाठोपाठ येतात.

पापा वेस्ट्रेवर उतरल्यावर

अनेक जण पापा वेस्ट्रेला उतरतात, छायाचित्र काढतात आणि त्याच विमानाने परततात. नियमाने त्यात काही चूक नाही. पण सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या या सेवेतून बेटालाही काही मिळाले पाहिजे, असे मला वाटते; म्हणून किमान एक रात्र तिथे राहावे. बेटावरील रहिवाशांची सहकारी संस्था दुकान चालवते आणि बेल्टेन हाउस हे वसतिगृहही चालवते. तिथे जागा आधी राखून ठेवावी, कारण पर्याय फार नाहीत. दुकान रोज सर्व वेळ उघडे नसते, म्हणून मुक्कामाच्या वारी ते कधी उघडते हे विचारून घ्यावे आणि थोडी रोख रक्कम जवळ बाळगावी.

बेट उत्तर-दक्षिण सहा-सात किलोमीटर लांब आणि जेमतेम दीड किलोमीटर रुंद आहे, त्यामुळे सर्व काही पायी होते. पश्चिम किनाऱ्यावरील नॅप ऑफ हॉवर आवर्जून पाहावे. इसवी सनापूर्वी ३७०० च्या सुमारास उभारलेले हे शेतकऱ्यांचे दुहेरी घर उत्तर युरोपातील सर्वांत जुन्या टिकून राहिलेल्या दगडी घरांपैकी मानले जाते, म्हणजे गिझाच्या पिरॅमिडांपेक्षाही ते बरेच जुने आहे. दोन खोल्यांना जोडणाऱ्या बुटक्या दारातून वाकून आत गेल्यावर दगडी फळ्या आणि धान्य दळण्याचा पाटा जागेवर दिसतो. तिकीट नाही, पहारेकरी नाही. दगडांवर चढू नये एवढे भान आपणच ठेवावे.

उत्तरेकडील नॉर्थ हिल हे पक्ष्यांसाठी राखलेले माळरान आहे. विणीच्या हंगामात येथे आर्क्टिक कुररी मोठ्या संख्येने असतात आणि घरट्याजवळ गेलेल्या माणसाच्या डोक्यावर चोच मारण्यास त्या मागेपुढे पाहत नाहीत. टोपी घालावी आणि ठरवून दिलेल्या वाटेनेच चालावे. याच बेटावर १८१३ मध्ये ऑर्कनीतील शेवटच्या ग्रेट ऑक पक्ष्यांपैकी एक मारला गेला. उडता न येणारा हा मोठा समुद्रपक्षी पुढे काही दशकांत जगातूनच नाहीसा झाला.

विमान रद्द झाले तर

धुक्यामुळे किंवा वाऱ्यामुळे फेरी रद्द होणे ही इथली नित्याची बाब आहे, त्यामुळे पर्यायी वाट आधीच कागदावर लिहून ठेवावी. पापा वेस्ट्रे आणि वेस्ट्रेवरील पिएरोवॉल यांच्यामध्ये प्रवाशांची छोटी बोट चालते. तिला साधारण पंचवीस मिनिटे लागतात. पिएरोवॉलहून रॅपनेस धक्का आणि तिथून मोठ्या बोटीने कर्कवॉल, असा हा मार्ग आहे. थेट पापा वेस्ट्रेहून कर्कवॉलला जाणारी मोठी बोट आठवड्यातून मोजक्याच दिवशी असते. धुक्यात विमान थांबले तरी बोट बहुधा चालते. मोठ्या वाऱ्यात मात्र छोटी बोटही थांबू शकते, आणि तेव्हा बेटावरच राहण्याशिवाय इलाज नसतो.

रद्द झाल्याचे कळताच क्रम असा ठेवावा. प्रथम कंपनीकडून पुढच्या फेरीत जागा मागावी. जागा मर्यादित असल्याने अर्ध्या तासाचा उशीरही महाग पडतो. मग मुक्कामाच्या ठिकाणी आणखी एक रात्र मिळते का ते विचारावे. त्यानंतर बोटीची वेळ पाहावी, आणि शेवटी पुढच्या तिकिटांच्या कंपन्यांना व विमा कंपनीला कळवून रद्द झाल्याचा लेखी पुरावा मागून घ्यावा. विमा काढतानाच हवामानामुळे होणाऱ्या खोळंब्याची भरपाई त्यात आहे का आणि ती किती तासांनंतर लागू होते हे वाचलेले असावे.

याच धाटणीचे इतर प्रवास

ऑर्कनी जमत नसेल, किंवा एकदा करून चटक लागली असेल, तर आणखी काही टप्पे आखता येतात. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा विमानतळावरून ॲरन बेटांना आयलँडर विमानेच जातात आणि आठ-दहा मिनिटांत पोहोचतात. आयर्लंडच्या व्हिसाचे नियम ब्रिटनहून वेगळे आहेत, ते आधी तपासावेत. कॅरिबियनमध्ये सेंट मार्टिनहून साबाला जाणारे विमान पंधरा मिनिटांच्या आत उतरते, पण तिथे प्रसिद्धी उड्डाणाच्या वेळेची नसून साबाच्या सुमारे ४०० मीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना समुद्रात तुटणाऱ्या धावपट्टीची आहे. पोर्तुगालच्या अझोर्समध्ये फ्लोरेस आणि कोर्व्हो यांमधील उड्डाणही काही मिनिटांचेच असते. स्कॉटलंडमध्येच राहायचे असल्यास ग्लासगोहून ‘बारा’ (Barra) नावाच्या बेटाला जाणारे विमान घ्यावे. ते समुद्रकिनाऱ्याच्या वाळूवर उतरते, त्यामुळे त्याचे वेळापत्रक भरती-ओहोटीनुसार बदलते. ऑर्कनीच्या सहलीला जोडून ते करायचे असल्यास ग्लासगोला जाता-येता दोन दिवस आणखी ठेवावेत, आणि त्या बेटाच्या उड्डाणाची तारीख आधी पक्की करून मगच कर्कवॉल–ग्लासगो तिकीट काढावे.